पदकाच्या कडेवरील नाव : हिंदी नौदलातील दर्यावर्दीच्या कारकिर्दीचा शोध

सोलापूरचा भुईकोट किल्ला जनरल मन्रोच्या फौजेने १८१८ च्या मे महिन्यात घेतला. त्यापूर्वी तटाबाहेर पेशव्यांच्या सैन्याशी लढाई झाली, गणपतराव पानसे ह्यांच्या तोफा चालल्या, पेठ पडली आणि मग किल्लाही खाली झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ह्याच जिल्ह्यातील आष्टी येथे बापू गोखले धारातीर्थी पडले व साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पेशवाईच्या अखेरच्या युद्धाचा निर्णय ज्या रणभूमींवर लागला त्यांत ह्या दोन्ही स्थळांची गणना केल्यावाचून गत्यंतर नाही. तेहतीस वर्षांनी, १८५१ साली, ह्या व आसपासच्या युद्धांतील हयात सैनिकांसाठी एक रौप्यपदक मंजूर झाले. ‘आर्मी ऑफ इंडिया’ ह्या नावाने ते ओळखले जाते. पदकाच्या फितीवर लढाईचे नाव कोरलेली आडवी पट्टी बसवावयाची, अशी रीत होती. आणि अशा एकूण एकवीस पट्ट्या ठरविण्यात आल्या. त्यांत खडकी आहे, पुणे आहे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर आणि कोरेगावही आहे. आष्टी नाही, सोलापूर नाही.

ह्या एका उदाहरणावरून पदक ह्या साधनाचा स्वभाव ध्यानात येतो. पदक खोटे बोलत नाही, परंतु ते विचारले तेवढ्याचेही उत्तर देत नाही. कोणती लढाई स्मरणात ठेवावयाची हे सरकार ठरविते. ती लढाई झाल्यानंतर कित्येक वर्षांनी ठरविते. आणि तोवर जो जिवंत राहिला त्याच्याच छातीवर ती कोरली जाते. इतिहासाच्या अभ्यासकास पदकाचा मोह पडतो तो त्याच्या कडेवर धारकाचे नाव, हुद्दा व पलटण अथवा जहाज कोरलेले असते म्हणून. अनाम शिपायांच्या गर्दीतून एक माणूस हाती लागल्यासारखे वाटते. इंग्लंडातील एखाद्या सामान्य खलाशाच्या बाबतीत ते बहुतांशी खरेही ठरते. कडेवरील नावावरून नोंदवही, नोंदवहीवरून जन्मगाव, जन्मगावावरून चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद असा माग काढता येतो, आणि चार-दोन कागदांच्या आधारे संपूर्ण कारकीर्द उभी राहते. कोकणच्या किनाऱ्यावरून मुंबईच्या गोदीत गेलेल्या आणि राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात इराणच्या आखातापासून चीनच्या नद्यांपर्यंत हिंडलेल्या दर्यावर्दीच्या बाबतीत हीच साखळी पहिल्याच दुव्यापाशी तुटते. ती का तुटते, आणि तुटलेले टोक भाषेच्या साहाय्याने काही अंशी तरी पुन्हा जोडता येते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एकवीस पट्ट्यांच्या उपरिनिर्दिष्ट यादीत ‘आवा’ अशी एक पट्टी आहे. ती १८२४ ते १८२६ ह्या काळातील ब्रह्मदेशाच्या पहिल्या युद्धाची असून तिचे मानकरी नौसैनिकही होते. मुंबईचे आरमार त्या वेळी ‘बाँबे मरीन’ ह्या नावाने चालत असे. त्याची परंपरा १६१२ साली सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झुंजीपर्यंत मागे नेण्यात येते. १ मे १८३० रोजी त्यास ‘इंडियन नेव्ही’ म्हणजे हिंदी नौदल असे नवे नाव मिळाले आणि १८६३ च्या एप्रिलअखेर ते बरखास्त झाले. म्हणजे ह्या नौदलाचे उणेपुरे तेहतीस वर्षांचे आयुष्य. परंतु शिडाकडून वाफेकडे झालेले स्थित्यंतर नेमके ह्याच तेहतीस वर्षांत घडले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० च्या मार्चमध्ये सुएझला जाण्यासाठी निघाली. पुढे १८५४ साली ‘असई’ व ‘पंजाब’ ह्या दोन मोठ्या युद्धनौका त्याच गोदीतून पाण्यात उतरल्या. नौदलाच्या जहाजांची नावे पाहिली तर गंमत वाटते : ‘फिरोज’, ‘मुजफ्फर’, ‘अजदहा’ ही फारसी-अरबी वळणाची, ‘झेनोबिया’, ‘सेसोस्ट्रिस’, ‘सेमिरामिस’ ही ग्रीक-रोमन लेखकांनी सांगितलेल्या पूर्वेची, आणि ‘असई’ हे मात्र अस्सल मराठी मुलखातील गावाचे, जिथे १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. पराभूतांच्या वंशजांनी त्याच जहाजाचे दोर ओढले असतील, ह्याची नाव ठेवणाऱ्यास फिकीर असण्याचे कारण नव्हते.

जहाजावरील अधिकारी सर्व युरोपीय. त्यांच्या हाताखाली काही युरोपीय खलाशी, आणि उरलेले मनुष्यबळ एतद्देशीय. त्यात रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांच्या बंदरांतील कोळी, भंडारी, खारवी, गाबीत आणि कोकणी मुसलमान ह्यांचा भरणा मोठा होता. तथापि ते एकटेच नव्हते. काठेवाडच्या घोघा बंदराचे खलाशी विशेष नावाजलेले होते, आणि कच्छचेही पुष्कळ असत. म्हणूनच मुंबईच्या नौदलातील प्रत्येक हिंदी नाव मराठी मानणे ही घाई होईल. ह्या सर्वांस मिळून इंग्रजीत ‘लास्कर’ हा शब्द रूढ झाला.

येथेच भाषेचा प्रश्न सुरू होतो. ‘लष्कर’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ सैन्य. मराठीत तो आजही त्याच अर्थाने आहे. समुद्रावर मात्र ‘लष्करी’ म्हणजे सैन्यातील माणूस ह्या अर्थापासून ‘लास्कर’ म्हणजे जहाजावरील हिंदी मजूर इथपर्यंत शब्द खाली उतरला. हा उतार अपवादात्मक असता तर त्याची नोंद करून पुढे जाता आले असते. परंतु जहाजावरील हुद्द्यांचे बहुतेक शब्द ह्याच घाटाने उतरलेले आहेत, आणि त्यांतील सर्वांत बोलका शब्द ‘सारंग’ हा होय.

फारसी ‘सर्हंग’ म्हणजे सेनानायक. शिवाजी महाराजांच्या आरमारात ‘दर्यासारंग’ हा किताब होता. मायनाक भंडारी व दौलतखान ह्यांच्या जोडीने दर्यासारंगाचे नाव तत्कालीन कागदांत येते. दर्यासारंग म्हणजे आरमारातील अग्रगण्य अधिकारी. दोन शतकांनी कंपनीच्या जहाजावर ‘सारंग’ म्हणजे खलाशांच्या टोळीचा मुकादम. वयाने कितीही वडील व अनुभवाने कितीही पक्का असला तरी कोवळ्या मिडशिपमनच्या हुकुमाखालचा. शब्द तोच, समुद्र तोच, कित्येकदा घराणेही तेच. बदलली ती सत्ता. सत्ता ज्याच्याकडे गेली त्याच्या भाषेतील शब्द वर चढले, आणि जुन्या सत्तेचे शब्द हाताखालच्या माणसांची नावे होऊन राहिले. ‘नाखुदा’ म्हणजे मूळ फारसीत नावेचा धनी. तो मराठीत ‘नाखवा’ झाला आणि मचव्याच्या चालकापुरता उरला. अरबीतील ‘मुअल्लिम’ म्हणजे गुरू, तो दिशा दाखविणारा ‘मालिम’ झाला. अरबी ‘सुक्कान’ म्हणजे सुकाणू. ते धरणारा तो ‘सुकाणी’, इंग्रजांच्या तोंडी ‘सीकनी’. ‘तांडेल’ हा सारंगाच्या हाताखालचा नायक; ह्या शब्दाचा संबंध मलयाळम् ‘तंडल’ ह्याच्याशी जोडण्यात येतो, म्हणजे तो पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडून वर सरकला असावा.

जहाजावर ह्या सर्वांची मिळून एक बोली होती. तिला लष्करी बोली म्हणत. तिचे व्याकरण हिंदुस्तानीचे, शब्द मात्र चहूंकडचे. टॉमस रोबक ह्या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यास ह्या बोलीचा एक कोश प्रसिद्ध केला. जॉर्ज स्मॉल ह्याने त्याची सुधारलेली आवृत्ती १८८२ साली काढली. दोन्हींचा हेतू एकच : हुकूम कसा द्यावा हे साहेबास कळावे. त्यामुळे कोशात आज्ञार्थी रूपांची रेलचेल आहे. खलाशाने उलट काय म्हणावे ह्याची सोय अर्थातच नाही. ह्या बोलीत पोर्तुगीज शब्दांचा थर ठळक आहे. वरच्या शिडास ‘गावी’ म्हणत, ते पोर्तुगीज ‘गाव्हिया’वरून, पुढच्या शिडास ‘तिरकट’ म्हणत, तोही शब्द पोर्तुगिजांचाच, शीड उतरविण्याचा ‘आरिया’ हा हुकूम पोर्तुगीज ‘आरिआर’ ह्या क्रियापदापासून आला. आगबोटी आल्यावर भट्टीत कोळसा घालणाऱ्यास ‘आगवाला’ हे सुटसुटीत नाव मिळाले. ह्या एका शब्दात मात्र बाहेरून काही आणावे लागले नाही.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची आहे. म्हणजे हिंदी नौदल ऐन भरात असताना हा कोश तयार होत होता. त्यात तांडेल, नाखवा, सुकाणू हे शब्द आहेत, आणि कोकणातील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शब्दांना वेगळी खूणही आहे. पदकाच्या अभ्यासकास ह्या कोशाचा जेवढा उपयोग आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या ग्रंथाचा असेल. कारण ज्या माणसांची नावे रोमन लिपीत कोरली गेली त्यांच्या तोंडचे शब्द त्याच वेळी देवनागरीत कसे लिहिले जात हे तो दाखवितो. जाता जाता एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. जहाजाच्या लंगरास मराठीत ‘नांगर’ म्हणतात. फारसी ‘लंगर’ आणि शेतकऱ्याचा ‘नांगर’ (संस्कृत ‘लाङ्गल’) हे दोन निराळे शब्द मराठीत एकरूप झाले. पावसाळ्यात होडी ओढून ठेवून भाताची शेती करणाऱ्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रावर जाणाऱ्या समाजाने हे दोन शब्द एक केले ह्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. दोन्ही अवजारे त्याच्याच घरची.

आता एका पदकाकडे वळू. १८५४ साली ‘इंडिया जनरल सर्व्हिस’ नावाचे पदक सुरू झाले. ते चांदीचे, छत्तीस मिलिमीटर व्यासाचे. दर्शनी बाजूस मुकुटधारी राणीचे मस्तक. मागील बाजूस बसलेल्या योद्ध्यास पुष्पमुकुट घालणारी पंखधारी विजयदेवता. फीत किरमिजी, तीवर दोन गडद निळे पट्टे. ह्या पदकावर सालाची नोंद नाही, युद्धाचेही नाव नाही. कारण पुढील चाळीस वर्षे हिंदुस्थानच्या सरहद्दींवर जी जी मोहीम होईल तिच्यासाठी हेच पदक वापरावयाचे आणि फक्त पट्टी बदलावयाची अशी योजना होती. ज्याच्याजवळ पदक आधीच असेल त्यास नुसती नवी पट्टी मिळे. अशा वीसहून अधिक पट्ट्या पुढे निघाल्या. पहिली ‘पेगू’, आणि लगोलग आलेल्यांपैकी एक ‘पर्शिया’. हिंदी नौदलास लाभलेल्या पट्ट्यांपैकी ह्या दोन महत्त्वाच्या.

एखाद्या सारंगाच्या पदकावर ह्या दोन्ही पट्ट्या असतील तर त्यावरून काय वाचता येईल? १८५२ च्या एप्रिलमध्ये ‘फिरोज’, ‘मुजफ्फर’, ‘झेनोबिया’, ‘सेसोस्ट्रिस’ आदी मुंबईच्या आगबोटी इरावतीच्या मुखाशी होत्या. मार्तबान व रंगून एप्रिलमध्येच पडले, बसीन मे महिन्यात. नदीतील हे युद्ध वस्तुतः आगबोटींचेच युद्ध होते. फौज नेणे, दाणागोटा पोचविणे, काठावरील मोर्चे तोफांनी मोडणे, ही सर्व कामे त्यांचीच. पावसाळा तोंडावर आला होता. जे काम कोकणचा खलाशी वैशाखाच्या अखेरीस हटकून थांबवी तेच त्यास येथे भर पावसात करावे लागले. ‘पेगू’ ह्या दोन अक्षरांत हे सारे आहे, आणि ह्यांपैकी काहीही नाही.

दुसरी पट्टी इराणची. हेरातच्या प्रश्नावरून १८५६ च्या अखेरीस युद्ध जाहीर झाले आणि मुंबईहून मोहीम निघाली. नौदलाचे नेतृत्व सर हेन्री लीक ह्याच्याकडे होते. १० डिसेंबर १८५६ रोजी बुशहरवर तोफा डागण्यात आल्या व शहर शरण आले. पुढे २६ मार्च १८५७ रोजी शत-अल्-अरबच्या काठावरील मोहमरा, म्हणजे आजचे खुर्रमशहर, घेण्यात आले. आणि कारून नदीतून लहान आगबोटी अहवाजपर्यंत गेल्या. अहवाज १ एप्रिलला हाती आले. तहावर पॅरिसमध्ये ४ मार्चलाच सह्या झालेल्या होत्या. ती वार्ता आखातात पोचण्यापूर्वी मोहमरा व अहवाज ह्या दोन्ही लढाया उरकल्या होत्या. संपलेल्या युद्धात मेलेल्यांचा हिशेब पदकाच्या पट्टीवर निराळा दाखविण्याची पद्धत नाही.

ह्या मोहिमेत एक विलक्षण भाषिक योगायोग घडला. तत्कालीन इराणी सैन्यात पलटणीचा प्रमुख ‘सर्हंग’ म्हणविला जाई; आजही इराणात तो कर्नलच्या तोडीचा हुद्दा आहे. म्हणजे बुशहरच्या तटावर एक सर्हंग होता आणि त्या तटावर तोफा रोखणाऱ्या जहाजांवर दोर सोडणारे, नांगर टाकणारे कित्येक सारंग होते. एक शब्द दोन्ही बाजूंनी लढला. तटावरील सर्हंग आपल्या राज्याचा सेनाधिकारी होता; जहाजावरील सारंग पगारी मुकादम होता. शब्दाच्या दोन अर्थांमधील हे अंतर म्हणजेच कंपनी सरकारच्या नोकरीतील कोकणी दर्यावर्दीची खरी कारकीर्द, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता त्याच नौदलातील दुसऱ्या टोकाची दोन माणसे पाहावयास हवीत. १८५७ च्या उठावात ‘पंजाब’ आदी जहाजांवरील नाविकांची पथके बंगालमध्ये जमिनीवर लढण्यास उतरविण्यात आली. २२ नोव्हेंबर १८५७ रोजी ढाक्याच्या लालबाग किल्ल्यात ७३ व्या पलटणीच्या शिपायांना नि:शस्त्र करण्याच्या वेळी लढाई झाली. आर्थर मेयो हा मिडशिपमन तोफांवर चालून जाणाऱ्यांच्या पुढे जवळजवळ वीस यार्ड होता, एवढ्या बारकाईने त्याच्या पराक्रमाची नोंद करण्यात आली. त्याचा जन्म १८४० चा, ऑक्सफर्डचा; म्हणजे वय अवघे सतरा. १८६२ साली त्यास व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. प्रकृतीमुळे तो लवकरच नौकरीतून निवृत्त झाला, ऑक्सफर्डला शिकला, काही काळ चर्चच्या सेवेत राहिला, आणि १९२० साली वारला. जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येक पायरी उपलब्ध आहे.

दुसरा जॉर्ज बेल चिकन. हा मूळचा व्यापारी जहाजावरचा खलाशी. नौदलाच्या पथकात स्वयंसेवक म्हणून सामील झालेला. सप्टेंबर १८५८ मध्ये बिहारात पीरोजवळ तो एकटाच घोड्यावरून बंडवाल्यांच्या घोळक्यात घुसला, पाच जणांस त्याने मारले आणि स्वतः जबर जखमी होऊन पडला. मुलकी माणसास व्हिक्टोरिया क्रॉस देता यावा म्हणून डिसेंबर १८५८ मध्ये नियम विस्तृत करण्यात आला होता; त्याचा लाभ झालेल्या मोजक्या पाच जणांत चिकन एक. क्रॉस १८६० च्या एप्रिलमध्ये जाहीर झाला. तो छातीवर लावण्यापूर्वीच बंगालच्या उपसागरात बुडून त्याचा अंत झाला. परंतु ह्या प्रकरणातील लक्ष वेधून घेणारी बाब निराळीच आहे. चिकन जिवंत राहिला तो चार हिंदी स्वारांमुळे. त्यांनी घोडी घालून त्यास वाचविले असे गौरवपत्रात स्पष्ट लिहिलेले आहे. रिसाल्यांची नावे दिली आहेत. स्वारांची नावे दिलेली नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळणे तर शक्यच नव्हते. हिंदी सैनिकांस तो मिळण्याची तरतूद १९११ साली झाली.

जहाजांवर खलाशांखेरीज सागरी शिपाईही असत. त्यांची ‘मरीन बटालियन’ १७७७ साली मुंबईस उभी राहिली. पुढे मुंबई फौजेच्या पायदळात तिचा क्रमांक एकविसावा लागला. खलाशापेक्षा ह्या शिपायाचा माग काढणे थोडे सोपे, कारण लष्कराच्या नोंदी अधिक व्यवस्थित. मात्र ह्या बटालियनीचे सर्वांत ठळकपणे उरलेले नाव कोणत्याही पदकावरचे नाही. ड्रिल हवालदार सय्यद हुसेन ह्याला उठावाच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मुंबईच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच्यासोबत दहाव्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया होता. मेयोची ढाक्याची दौड ह्यानंतर पाचच आठवड्यांनी झाली. एकाच नौदलाच्या छत्राखालील दोन माणसे. एकाचे नाव पराक्रमाने उरले, दुसऱ्याचे शिक्षेने. सरकारने ज्याची दखल घेतली तेवढेच उरते, मग ती दखल बक्षिसाची असो वा दंडाची.

कडेवरील नावाकडे परत येऊ. मराठी नाव रोमन लिपीत जाताना त्यातून काय गळते, ह्याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही. ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ ह्यांतील भेद पहिल्याच झटक्याला जातो. ‘ळ’ चा ‘ल’ होतो. ऱ्हस्व-दीर्घ कारकुनाच्या कानावर अवलंबून. मग बाळा, बाला आणि बल्ला हे तिघे एकाच स्पेलिंगखाली येऊन बसतात. तथापि ह्या चुका अनियमित नसतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कोरेगावच्या जयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे आहेत. ती रोमन लिपीत ‘सी’ ह्या अक्षराने संपतात, आणि तो अंत्य ‘नाक’ हा आदरार्थी प्रत्यय आहे हे मराठी वाचकास तत्काळ कळते. तेथे ‘एस्नाक’ असे वाचले जाणारे नाव आढळते. शब्दारंभीचा ‘ये’ इंग्रजी कानास नुसता ‘ए’ ऐकू येई. येसनाक हे नाव असे झाले. एकदा ही सवय कळली की इतरत्र ‘एसू’ दिसल्यास येसू ओळखता येतो. पहिल्या नावापुढे बापाचेच नाव लिहिण्याची रीतही तेथे दिसते. त्यामुळे आडनावाच्या शोधात गावोगाव हिंडणाऱ्या संशोधकाच्या पदरी निराशाच यावयाची. नोंदीत आडनाव मुळात नसते.

खलाशाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती केवळ मराठी जाणणाऱ्यासच दिसेल. ‘भंडारी’ हा शब्द नावालगत आला तर तो काय दर्शवितो? लष्करी बोलीत भंडारी म्हणजे जहाजावरील शिधा सांभाळणारा, स्वयंपाक पाहणारा. कोकणात भंडारी ही जात आहे, आणि दर्यावर्दीपणात तिचा लौकिक मायनाक भंडाऱ्यापासूनचा. ‘तांडेल’ हा हुद्दा; पण तेच आज किनाऱ्यावरील आडनावही आहे. ‘नाखवा’ आणि ‘सारंग’ हीही तशीच आडनावे. रोमन लिपीतील यादीत हे शब्द कोठे हुद्दा आहेत आणि कोठे नाव, हे ठरविताना यादी करणारा कारकून चुकला असेल, आणि त्याच्या आधारावर लिहिणारा इंग्रज लेखकही चुकेल. येथे शब्दाची जागा पाहावी लागते. हुद्दा नावाच्या आधी येतो की नंतर, त्याच यादीतील इतर खलाशांच्या नोंदीत हुद्द्याचा रकाना भरला आहे की नाही, ह्यावरून निर्णय करता येतो. मुंबईच्या शासकीय दप्तरखान्यातील मरीन खात्याचे कागद आणि लंडनच्या इंडिया ऑफिसच्या संग्रहातील पदकांच्या याद्या समोरासमोर ठेवल्या, आणि मोल्सवर्थ व रोबक शेजारी घेतले, तर कडेवरील कित्येक नावे पुन्हा उच्चारता येण्याजोगी होतील.

जे पदकात मुळीच आले नाही त्याचे मात्र काय करावयाचे? १९ जानेवारी १८३९ रोजी एडन जिंकले गेले. व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत साम्राज्यास जोडलेला हा पहिला मुलूख. हिंदी नौदलाचा कॅप्टन हेन्स त्यामागचा सूत्रधार. त्याचे पदक निघाले नाही. ऑक्टोबर १८५९ मध्ये बेट-द्वारकेच्या वाघेरांवर नौदलाने तोफा चालविल्या. ती लढाई पट्टीवर कोरण्याइतकी कोणासही अभिमानाची वाटलेली दिसत नाही. तांबड्या समुद्राचे व अरबस्तानच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण हे तर हिंदी नौदलाचे सर्वांत टिकाऊ कार्य. मोर्सबी, एल्वन, हेन्स ह्या अधिकाऱ्यांची नावे नकाशांवर आहेत. प्रवाळाच्या खडकांतून होडी पुढे काढून शिशाच्या गोळ्याने पाण्याची खोली मोजणारे हात खलाशांचे होते. खोलीचे आकडे नकाशावर छापले गेले. तेवढीच त्यांची सही. आणि १८८५ नंतरच्या ब्रह्मदेशच्या मोहिमेपासून पदकाच्या धातूतही भेद आला : लढणाऱ्यास चांदीचे आणि सैन्याबरोबरच्या हिंदी चाकरनोकरांस त्याच साच्यातील काशाचे.

१८६३ मध्ये नौदल बरखास्त झाल्यावर जहाजे विकली गेली. ‘असई’ १८६५ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली. ‘पंजाब’चे इंजिन काढून तिचे शिडाचे व्यापारी जहाज करण्यात आले, ‘द ट्वीड’ ह्या नव्या नावाने ती इतकी वेगवान ठरली की तिच्या मालकाने पुढे बांधविलेल्या ‘कटी सार्क’ ह्या विख्यात जहाजाच्या घडणीवर तिची छाप पडली असे मानले जाते. अधिकाऱ्यांस निवृत्तिवेतन मिळाले. त्यांपैकीच चार्ल्स लो ह्याने १८७७ साली हिंदी नौदलाचा दोन खंडांत इतिहास लिहिला, आणि आपल्या सहकाऱ्यांची नावे त्यात काळजीपूर्वक नमूद केली. खलाशी मुंबईच्या आगबोट कंपन्यांकडे गेले. तेथेही जहाजावरची माणसे भरती करण्याचे काम सारंगाकडेच होते; तो आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे आणी, त्यांच्या पगाराचा हिशेब सांभाळी, आणि टोळीच्या वतीने साहेबाशी बोले. मुंबईच्या गोदीतील नावांच्या याद्या पुढील काळात अधिकाधिक लांब होत गेल्या. त्यांत सारंगाचे नाव पहिले असते, त्याखाली तांडेल, त्याखाली खलाशी; आणि लिपी रोमनच.